परदेशी बातमीदारांच्या पाठीशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा आपल्या चिटणीसबाईंनी मला दोनदा विचारले, "हाच ना?" त्यांना दोष देता येत नाही. वर्धापनदिनाला आहार, बचत, मुलांचा अभ्यास, फार तर एखादे प्रवासवर्णन, अशी आपली प्रथा. परदेशी बातमीदार आणि त्यांचे संघ हा विषय शहागंजच्या घड्याळाच्या सावलीत बसून ऐकण्यासारखा आहे, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. तेव्हा आधी तो आपल्या दारातून आत आणते.

८ मे २०२० ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरली नसेल. टाळेबंदी चालू होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर रुळांच्या कडेने पायी निघाले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच निजले आणि पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे चित्र दुसऱ्या दिवसापर्यंत लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत पोचले. ते कसे पोचले, याचा विचार मी त्या वेळी पुष्कळ केला. देशातली प्रवासी विमाने बंद होती. दिल्लीत राहणारा परदेशी बातमीदार त्या सकाळी करमाडला उभा राहणे शक्यच नव्हते. कोणीतरी इथला माणूस तिथे गेला, त्याने पाहिले, फोन केले, छायाचित्र काढले. त्याचे नाव जगाला ठाऊक नाही. बातमी परदेशी आणि तिचे पाय देशी, असा हा प्रकार आहे, आणि आज मला याच पायांविषयी बोलावयाचे आहे. परंतु त्याआधी त्या परदेशी बातमीदाराच्या पाठीशी कोण असते, ते पाहू.

दुसऱ्या देशात राहून आपल्या पत्राला बातम्या धाडणारा मनुष्य मूळचा फार एकटा. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर लंडनच्या 'टाइम्स'ने विल्यम हॉवर्ड रसेल यास पाठविले. जखमी शिपायांचे हाल त्याने लिहिले, ते वाचून विलायतेत हलकल्लोळ झाला आणि फ्लोरेन्स नाइटिंगेलबाई अडतीस परिचारिका घेऊन निघाल्या. नाइटिंगेलबाईंचा धडा आपण शाळेत वाचला. त्यांना तिथवर नेणारे पत्र ज्याने लिहिले त्याचे नाव धड्यात नव्हते. लष्कराच्या लेखी रसेल म्हणजे एक आगंतुक. हाच रसेल १८५८ साली आपल्या देशात आला, लखनौ पडताना तेथे होता, आणि बंडानंतर आपल्या लोकांवर जो सूड उगविला जात होता त्याविषयी त्याने आपल्याच देशबांधवांना खडसावून लिहिले. अशा माणसाला आजूबाजूचे कोणी आपले म्हणत नाही. ज्या देशात तो राहतो तेथील सरकारला तो नकोसा, आणि पुष्कळदा स्वदेशालाही.

म्हणून हे लोक एकमेकांना धरून राहू लागले. लंडनची फॉरिन प्रेस असोसिएशन १८८८ सालची. त्या वर्षी लंडनच्या पूर्व भागात गरीब बायकांचे भीषण खून पडत होते, त्या प्रकरणासाठी देशोदेशीचे बातमीदार जमले आणि त्यांतून हा संघ निघाला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. पुढे अनेक वर्षे त्याचे बिऱ्हाड ग्लॅडस्टनसाहेबांच्या जुन्या वाड्यात होते. चीनमध्ये चुंगकिंग येथे १९४३ साली, ऐन युद्धात, असाच एक क्लब निघाला. तो १९४९ मध्ये हाँगकाँगला गेला. टोकियोचा १९४५ चा. संयुक्त राष्ट्रसंघात बसणाऱ्या बातमीदारांचा १९४८ चा. या सालांकडे पाहिले तर ध्यानात येते की लढाई, सत्तांतर, मोठी उलथापालथ झाली की असे संघ उगवतात.

हे संघ करतात काय? क्लब म्हटले की आपल्यासमोर पत्ते आणि पेले येतात. तेही तेथे असतात, नाही असे नाही. पण मुख्य काम आपल्या मंडळासारखेच. नव्याने आलेल्या सुनेला नळ कधी येतो आणि कोणता दुकानदार मापात मारतो हे शेजारीण सांगते, तसे नव्या बातमीदाराला घर कोठे घ्यावे, परवाना कोठे मागावा, कोणता अधिकारी फोन उचलतो हे जुना सांगतो. मंत्री, वकील, विद्वान यांना बोलावून प्रश्न विचारण्याची सोय संघ करतो. एकट्याच्या पत्राला जो उत्तर देत नाही तो दोनशे जणांच्या संघाकडे येतो. आणि कोणावर संकट आले, परवाना अडला, कोणी अटकेत पडला, तर संघ सहीशिक्क्याचे पत्र काढतो.

आपल्या देशात हे काम दिल्लीच्या मथुरा रस्त्यावरील फॉरिन करस्पॉन्डन्ट्स क्लब ऑफ साउथ एशिया करतो. नावाप्रमाणे त्याची व्याप्ती साऱ्या दक्षिण आशियाची, कारण दिल्लीत बसलेल्या बातमीदाराकडे बहुधा नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश अशी शेजारची घरेही सोपविलेली असतात. व्हिसाचा प्रश्न तर त्यांच्या पाचवीला पुजलेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियन नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या अवनी डायस लोकसभेच्या मतदानाच्या पहिल्याच दिवशी देश सोडून गेल्या. आपल्या वार्तांकनामुळे व्हिसा वाढवून देण्यास आधी नकार मिळाला आणि अगदी अखेरीस तुटपुंजी मुदत देण्यात आली, असे त्यांचे म्हणणे. सरकारी गोटातून ते नाकारण्यात आले. खरेखोटे ठरविण्याचे हे व्यासपीठ नव्हे. सुमारे तीस परदेशी बातमीदारांनी त्या वेळी सह्या करून निषेधाचे पत्र काढले, हे मात्र सांगण्याजोगे आहे. ज्याचा स्वतःचा व्हिसा त्याच कचेरीतून यावयाचा आहे त्याने अशा पत्रावर सही करणे सोपे नसते.

आता बायकांची गोष्ट. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात परदेशचे राजे, पंतप्रधान येऊन भाषणे देत. पण स्त्री बातमीदारांना आत प्रवेश नव्हता. १९५० नंतरच्या दशकात त्यांना सज्जात उभे राहून ऐकण्याची परवानगी मिळाली. खाली पुरुष मंडळी जेवत आहेत आणि वर या उपाशी, हातात वही घेऊन उभ्या. प्रश्न विचारण्याचा हक्क नाही. आपल्या आज्या चिकाच्या पडद्याआडून कीर्तन ऐकत, त्यांतलाच प्रकार. फरक इतकाच की आज्यांना निदान बसायला सतरंजी होती. सभासदत्व मिळावयास १९७१ साल उजाडावे लागले.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. १० ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांनी आपल्या वकिलातीत पत्रकार परिषद घेतली. एकाही स्त्री बातमीदाराला तीत प्रवेश नव्हता. कामासाठी गेलेल्या बायका फाटकापासून परत आल्या. स्त्री पत्रकारांची इंडियन वुमेन्स प्रेस कोअर ही संस्था १९९४ पासून दिल्लीत आहे. तिने आणि संपादकांच्या संघाने कडक शब्दांत निषेध केला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, आणि दोनच दिवसांनी, १२ तारखेला, त्याच मंत्र्यांना दुसरी परिषद बोलवावी लागली. त्या दिवशी पहिल्या रांगेत बायका बसल्या होत्या आणि मुलींच्या शाळा का बंद आहेत, हा प्रश्न त्यांनी समोरासमोर विचारला. संघ काय कामाचा, असे मला कोणी विचारले तर मी या दोन दिवसांकडे बोट दाखवीन.

यात आपली मराठी माणसेही आहेत, ते अभिमानापुरते सांगून पुढे जाते. द. वि. ताम्हनकर हे लंडनहून 'केसरी'ला वार्तापत्रे लिहीत. लोकमान्यांचे त्यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १९५६ साली लंडनलाच प्रसिद्ध झाले. तेथील भारतीय बातमीदारांचा संघ १९४७ सालचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या वयाचा. पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी वेणू चितळे दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर होत्या. त्या बातमीदार नव्हेत. पण बाँबवर्षावाच्या दिवसांत लंडनहून मराठी बोलणारा बाईचा आवाज तो त्यांचा. आणि दिल्लीत राहून परराष्ट्र व्यवहार पाहणाऱ्या भारतीय पत्रकारांचाही एक संघ आहे. 'सकाळ'चे विजय नाईक यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. 'साउथ ब्लॉक, दिल्ली' हे त्यांचे पुस्तक आपल्या वाचनालयाने अवश्य घ्यावे.

असो. आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जातात, ही बातमी आता जगाला ठाऊक आहे. तिचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये राधेश्याम जाधव यांनी ती 'बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकात लिहिली. मग विधिमंडळात प्रश्न निघाले, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. पुढे बीबीसीने ती लिहिली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने, मेघा राजगोपालन आणि कादरी इंझमाम यांच्या नावाने. त्यात साखर विकत घेणाऱ्या मोठ्या परदेशी शीतपेय कंपन्यांना प्रश्न विचारलेले आहेत. बीडचे दुःख न्यूयॉर्कला पोचावयास पाच वर्षे लागली. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला कोणीतरी बीडची बोली जाणणारे माणूस लागते.

असे एक माणूस मीही होते. काही वर्षांपूर्वी एका परदेशी साप्ताहिकाची बातमीदारीण आली होती. मी पेशाने इंग्रजीची शिक्षिका, मराठी-उर्दू दोन्ही घरच्या, म्हणून कोणाच्या तरी ओळखीने तिने मला दुभाषी म्हणून बरोबर घेतले. या धंद्यात अशा माणसाला 'फिक्सर' म्हणतात. आपल्याकडे क्रिकेटमुळे तो शब्द बदनाम झाला आहे, म्हणून घरी मी दुभाषी एवढेच सांगितले. गाडी ठरविणे, वाट विचारणे, कोणत्या घरी आधी जावे, कोणाच्या देखत बोलू नये हे ओळखणे, आणि मग भाषांतर, एवढे सगळे त्या शब्दात येते.

भाषांतराचीच अडचण घ्या. बाई म्हणाली, "पिशवी काढून टाकली बाई. आता खाडा पडत नाय." पाहुणीने वहीत लिहिले 'बॅग'. पिशवी म्हणजे गर्भाशय, हे मी सांगितले. पण खाडा? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. माणसे दोन, पण मोजणी हत्याराने. मुकादम हंगामाआधी 'उचल' देतो, ती ऊस तोडून फेडावयाची. एक दिवस कोणी बसून राहिले की तो खाडा, आणि त्याचे पैसे कापतात. पाचशे रुपये, असे त्या वस्तीवर तिघींनी सांगितले. पाळी आली, पोट दुखले, तरी खाडा. म्हणून पिशवीच काढलेली बरी, शिवाय डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. त्या एका वाक्यात हे एवढे होते, आणि ती पुन्हा सहज हसून बोलली होती. पाहुणी हसली नाही. तिने पेन खाली ठेवले. बाई चांगली होती, हे मला सांगितलेच पाहिजे.

नाव छापावयाचे नाही, चेहरा दाखवावयाचा नाही, हे मी आधीच ठरवून घेतले होते. अंक निघाला. नाव नव्हते, चेहरा नव्हता. मात्र हंडा धरलेले दोन हात होते, आणि उजव्या हातावरचे गोंदण स्वच्छ दिसत होते. लंडन-पॅरिसला ते निळे ठिपके म्हणजे शोभा. त्या पंचक्रोशीत मात्र ते गोंदण म्हणजे सही. आठ दिवसांत मुकादम त्या घरी गेला. तुझ्या बायकोने बाहेर काय सांगितले, म्हणून नवऱ्याला विचारले, आणि ठरलेली उचल रोखली. फोन मला आला. बातमीदारणीला कोठून येणार? तिचा नंबर त्या घरी कोणाकडे होता?

मी तिला कळविले. तिला खरोखर वाईट वाटले, ती आपल्या कचेरीशी भांडली. कचेरीचे उत्तर असे आले की दुभाषी आमच्या नोकरीत नाही, त्यामुळे तिच्या तक्रारीची नोंद घेण्याची पद्धत नाही. आणि मुलाखत देणारीची तर कोठेच नाही. इंटरनेटवरून ते चित्र उतरविण्यास अकरा दिवस लागले. ते कुटुंब त्या वर्षी शेजारच्या तालुक्यातील दुसऱ्या मुकादमाकडून, कमी उचलीवर, उशिरा गेले. साप्ताहिकाचे नाव सांगण्याचे मला प्रयोजन वाटत नाही. हा एकट्याचा दोष नाही, धंद्याची रीतच अशी होती.

त्या अकरा दिवसांत मी रात्री बसून या संघांविषयी वाचावयास लागले. बातमीदारीण अडचणीत आली असती तर तिच्या मागे तिचे पत्र होते, वकिलात होती, दिल्लीचा क्लब होता. माझ्या आणि त्या बाईच्या मागे कोण होते? वाचता वाचता एका स्त्रीची हकिकत सापडली, ती तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

ज्युलिएट पेक ही इंग्रज बाई. तिचा पहिला नवरा छायाचित्रकार, तो १९८८ साली पेशावरला मारला गेला. दुसरा, रोरी पेक, चलच्चित्र घेणारा. ऑक्टोबर १९९३ मध्ये मॉस्कोच्या दंगलीत दूरचित्रवाणी केंद्रासमोर चित्रण करीत असता त्याला गोळी लागली. तो कोणाच्या पगारावर नव्हता. काम मिळेल तसे करणारा होता. पगारी बातमीदार गेला तर घराला विमा, निवृत्तिवेतन. असा मोकळा मनुष्य गेला तर घराला काय मिळते, हे तिने घरात बसून पाहिले. दोनदा विधवा झालेल्या या बाईने मित्रमंडळींना जमवून १९९५ मध्ये नवऱ्याच्या नावे न्यास काढला. नोकरीत नसलेले बातमीदार आणि त्यांची कुटुंबे यांना तो पैसा देतो, संकटात सल्ला देतो, सुरक्षिततेचे शिक्षण देतो. आणि यात परदेशी-स्थानिक असा भेद तो करीत नाही. ज्युलिएटबाई २००७ मध्ये गेल्या. न्यास चालू आहे.

पुढे २०१४ साली सीरियात जेम्स फॉली या अमेरिकन बातमीदाराची हत्या झाली. तोही पगारी नव्हता. २०१५ मध्ये अनेक मोठ्या वृत्तसंस्थांनी आणि पत्रकार-संघांनी एकत्र येऊन एक जाहीरनामा केला, की नोकरीत नसलेल्या आणि स्थानिक पत्रकारांच्या सुरक्षिततेची काळजी आपल्या पगारी माणसांइतकीच घ्यावी. कागदावरचे सगळेच घरात येत नाही, हे आपल्याला हुंडाबंदीच्या कायद्याने शिकविले आहे. तरी कागद असणे वेगळे; त्याच्याकडे बोट दाखवून भांडता येते.

स्थानिक माणसावर किती भार पडतो याचे आजचे मोठे उदाहरण गाझाचे. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी बातमीदारांना तेथे स्वतंत्रपणे जाऊ दिले गेले नाही. जेरुसलेमचा परदेशी बातमीदारांचा संघ इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२४ मध्ये अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी त्यांनी दुसरा केला आणि २०२५ सालभर सरकारला मुदतीवर मुदत मिळत गेली. एखादा संघ आपल्या सभासदांसाठी असा चिकाटीने भांडतो हे चांगलेच. पण तोवर बातमी कोण देत होते? तेथलेच लोक. दोनशेच्या वर पत्रकार आणि वृत्तकर्मी त्या युद्धात मारले गेल्याची नोंद आहे, आणि त्यांतले जवळजवळ सगळे तेथलेच रहिवासी. बाहेरचा आत येऊ शकत नाही आणि आतला बाहेर पडू शकत नाही.

आपल्याकडे देवदयेने युद्ध नाही. पण दुष्काळ आहे, ऊसतोड आहे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि त्यासाठी बातमीदार येत राहणार. ते यावेत, असेच मला वाटते. त्या अनुभवानंतर काही जणींनी मला विचारले, आता कोणाबरोबर जाणार नाहीस ना? मी त्यानंतर चार वेळा गेले. बाई बोलल्याच नसत्या तर समिती झाली नसती, १३ हजारांचा आकडा निघाला नसता, आणि पिशव्या मुकाट निघत राहिल्या असत्या. मात्र आता मी पाहुण्यांना आधी विचारते. पत्राचे नाव, कचेरीचा फोन, तुमच्यामागे कोणता संघ आहे, तक्रार कोणाकडे करावयाची, दुभाष्याचे पैसे केव्हा. छायाचित्रात चेहऱ्याबरोबर हात, गोंदण, मंगळसूत्र, घराचे दार, काहीही ओळखीचे येता कामा नये. छापून आल्यावर अंक त्या बाईला वाचून दाखविण्यासाठी परत पाठवावयाचा. खरा बातमीदार याला कंटाळत नाही. एकजण कंटाळला, त्याच्याबरोबर मी गेले नाही.

गेल्या वर्षी आम्ही चौघींनी मिळून यासाठी मंडळात एक वही घातली. दुभाषी म्हणून जाऊ शकतील अशा बायकांची नावे तीत आहेत, आणि कोण कोणाबरोबर, कोणत्या गावी, किती वाजता गेली, परत केव्हा आली, हेही त्या दिवशीच लिहावयाचे असते. रात्री आठपर्यंत परत आल्याची नोंद झाली नाही तर वहीवाल्या बाईने फोन करावयाचा. आजवर सात नावे आहेत. चौघींना उर्दू येते, इंग्रजी सगळ्यांनाच बऱ्यापैकी. ऊसतोडीला जाणाऱ्यांत बंजारा समाज पुष्कळ, आणि त्यांच्या बायका मनातले बोलतात ते गोरमाटीत. ती जाणणारी आमच्यात एकच आहे आणि तिचे लग्न दिवाळीनंतर ठरले आहे. कोणाच्या माहितीत गोरमाटी आणि थोडेफार इंग्रजी येणारी मुलगी असल्यास तिला गुरुवारी दुपारी चारनंतर कार्यालयात पाठवावे. वही डाव्या कपाटात, वरच्या फळीवर असते.